पोटगी : उपकार की देणे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे पाहून महाराष्ट्रात गावोगाव अशी व्यासपीठे उभी राहिली आणि त्यांवरून आपण पंडितांची व्याख्याने ऐकत आलो. मी पंडित नव्हे. कामगार संघटनेचे काम करणारा माणूस आहे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर, संघटनेच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांतून. अशा माणसाने संपावर बोलावे, बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र पोटगी हा विषय मागून घेतला आहे. त्याचे कारण असे की, आमच्या कचेरीत पगाराची तक्रार घेऊन जसे कामगार येतात, तशा त्यांच्या बायकाही येतात. 'दादा, ह्यांचा पगार किती तो तुम्हीच सांगा. कोर्टात ते निम्मासुद्धा सांगत नाहीत,' असे त्या म्हणतात. ह्या गाऱ्हाण्याला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो आपण जाणून घेतला पाहिजे.

प्रथम शब्द पाहू. पोटगी म्हणजे पोटापुरते दिलेले. जुन्या निवाड्यांतून 'अन्नवस्त्र' असा शब्द येतो, हल्लीच्या सरकारी कागदांत 'निर्वाहखर्च' असतो. शब्द तीन, पण तिन्हींतून एकच चित्र उभे राहते : देणारा पोशिंदा आणि घेणारी आश्रित. तिने त्या घरात दहा वर्षे भाकऱ्या थापल्या, पोरे वाढवली, सासूसासऱ्यांची दुखणी काढली, ह्याची नोंद तिन्ही शब्दांपैकी एकातही नाही. शब्दांतली ही उणीव कायद्यातही कशी शिरली, हे आता सांगावयाचे आहे.

पुष्कळांची अशी समजूत आहे की, पोटगी ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे. ते खरे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ह्याविषयी स्पष्ट वचन आहे. आज्ञा पाळणारी, कामात तत्पर, पुत्रवती आणि गोड बोलणारी अशी पत्नी जो टाकील, त्याच्याकडून त्याच्या धनाचा तिसरा हिस्सा तिला देववावा. धनच नसेल तर तिचे भरणपोषण करवावे, असा त्याचा अर्थ आहे. ह्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. 'द्यावा' असे न म्हणता 'देववावा' म्हटले आहे; म्हणजे हे नवऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, सत्तेने वसूल करावयाचे आहे. आणि पैशाचे माप पोटापुरते नसून संपत्तीतल्या हिश्शाचे आहे. मात्र त्यापुढे अटींची केवढी रांग! आज्ञाधारक हवी, मुलगा झालेला हवा, तोंड गोड हवे. जिला मूल नाही आणि जी उलटून बोलली, तिने काय करावे?

हे झाले ग्रंथातले. कष्टकरी जातींत व्यवहार निराळा होता. तेथे काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती आणि पाटही लागत असे. निवाडा जातीची पंचायत करी. पुष्कळ ठिकाणी अशी चाल होती की, बाईने दुसरा पाट लावला तर नव्या नवऱ्याने पहिल्याचा लग्नखर्च भरून द्यावा. बाईला मोकळीक होती, पण तिच्या नावाने होणारी देवघेव दोन पुरुषांमध्येच होई. वरच्या म्हणविणाऱ्या जातींत तर मोकळीकही नव्हती. नवऱ्याने टाकले तरी बाई मरेपर्यंत त्याचीच.

इंग्रजी अमलात १८६१ साली फौजदारी कामकाजाची पहिली संहिता झाली आणि तीत बायकामुलांच्या निर्वाहाचे कलम आले. पुढे १८७२ साली संहिता नव्याने केली गेली. ती करणारे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ह्या तरतुदीचा हेतू उघडपणे सांगून ठेवला आहे : भटकेपणाला, निदान त्याच्या परिणामांना, आळा घालणे. म्हणजे टाकलेली बाई रस्त्यावर आली तर भीक, चोरी, बदफैली वाढेल आणि सरकारला त्रास होईल, म्हणून नवऱ्याने तिला खायला घालावे. स्त्रीचा हक्क म्हणून हे कलम जन्मलेच नाही. शहराच्या बंदोबस्ताचा एक भाग म्हणून ते जन्मले. फौजदारी कायद्यात, मॅजिस्ट्रेटपुढे ते का आले, ह्याचे उत्तर येथे आहे. एक गोष्ट मात्र चांगली झाली. हे कलम सर्व धर्मांच्या बायकांना सारखे लागू होते आणि दिवाणी दाव्याची लांबण त्यात नव्हती. १८८२ आणि १८९८ च्या संहितांत त्याचा क्रमांक ४८८ होता. आपल्या आज्या-पणज्यांनी जी पोटगी मागितली ती ह्या चारशे अठ्ठ्याऐंशीखाली.

बंदोबस्ताचे कलम असल्यामुळे रकमेलाही कुंपण होते. १८९८ च्या संहितेत महिन्याला फार तर ५० रुपये. १९२३ साली ते १०० झाले. १९५५ साली ५०० झाले, आणि १९७३ च्या नव्या संहितेतही ५०० च राहिले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरते १५०० केले. अखेर २४ सप्टेंबर २००१ रोजी ही मर्यादा देशभर काढून टाकण्यात आली. बंधूंनो, १९५५ ते २००१ ही शेहेचाळीस वर्षे होतात. ह्याच शेहेचाळीस वर्षांत आम्ही कामगारांनी महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडून घेतला. ज्वारी महागली की भत्ता वाढला पाहिजे, हे आम्ही मालकाला शिकवले. पण ज्या बाईला आम्ही टाकले तिला ज्वारी कोणत्या भावाने मिळते, हे आम्ही विचारले नाही. तिचा आकडा जागच्या जागी उभा होता. ठरलेली पोटगी वाढवून मागण्याची सोय कायद्यात होती आणि आहे. पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. कामगाराला आपोआप मिळते ते बाईला दर वेळी भांडून मिळवावे लागते.

आता थोडे मागे जाऊन रखमाबाईंचा खटला पाहू, कारण त्यात हिशेब अगदी उलटा झालेला दिसतो. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अजाण वयात दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्याचे नाकारले. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने झाला, पण मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ साली तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने आपला हक्क सोडला. बाईनेच पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतली! पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवेत आयुष्य वेचले. ज्या काळात हिंदू स्त्रीला घटस्फोटच नव्हता, त्या काळात घटस्फोटानंतरच्या पोटगीची गोष्ट कुठून निघणार?

ही कोंडी प्रथम काही संस्थानांनी फोडली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई राज्यात १९४६ साली हिंदूंना द्विभार्या करण्यास बंदी आली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सारे धागे एकत्र करून हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतरही कारणे होती, पण हे त्यांतले मोठे होते. पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दावा चालू असतानाची पोटगी आणि निकालानंतरची कायम पोटगी अशा दोन्ही तरतुदी आणल्या. १९५६ च्या कायद्याने घटस्फोट न घेताही, योग्य कारण असेल तर, वेगळे राहून निर्वाह मागण्याचा हक्क पत्नीला दिला.

द्विभार्याबंदीचा एक परिणाम मात्र कोणी नीट योजला नव्हता. पहिलीला संरक्षण मिळाले. १९४९ साली कलम ४८८ मध्ये अशीही दुरुस्ती झाली की, नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा बाई ठेवली, तर पहिलीने त्याच्याकडे राहण्यास नकार देणे हे योग्य कारण ठरेल. हे उत्तमच झाले. पण पहिले लग्न लपवून ज्या गरीब मुलीला दुसरेपणावर करून आणले, तिचे काय? कायद्याने तिचे लग्न लग्नच नव्हे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तसेच ठरवले आणि तिची पोटगी गेली. गुन्हा पुरुषाने करावा आणि उपास बाईने काढावा, असा हा न्याय. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, पहिले लग्न लपवून फसवणाऱ्याला आपल्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही. पोटगीपुरती ती पत्नीच समजावी. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये असा निर्णय झाला की, विवाह मुळात अवैध ठरला तरी हिंदू विवाह कायद्याखाली कायम पोटगी देता येते. त्याच निकालात, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निवाड्यात अशा स्त्रीसाठी वापरलेल्या हिणवणाऱ्या शब्दांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक नापसंती नोंदवली. न्यायालयाच्या कागदावरचा शब्दसुद्धा माणसाला दुखवतो, हे तेथे मान्य झाले.

मुस्लिम भगिनींची वाट ह्याहून खडतर. जुन्या कलमात 'पत्नी' एवढाच शब्द होता. तलाक दिला की नवरा सुटला. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. सातच बाया, पण त्यांची मागणी देशभर ऐकू गेली. १९७३ च्या संहितेतील कलम १२५ मध्ये 'पत्नी' ह्या शब्दात घटस्फोटितेचा समावेश झाला. त्याखाली इंदूरच्या शाहबानो यांनी १९७८ साली अर्ज केला. त्रेचाळीस वर्षे संसार केलेली ही बाई, नवरा वकील. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि एवढ्या रकमेविरुद्ध नवरा दिल्लीपर्यंत गेला! २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्याचे अपील फेटाळले. पुढचे राजकारण आपण जाणता. १९८६ साली वेगळा कायदा करून तो निकाल बोथट करण्यात आला. पण २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचाच असा अर्थ लावला की, इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून दिली पाहिजे. ५०० ची मर्यादा गेली तोही हाच आठवडा. आणि १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, १९८६ च्या कायद्यामुळे कलम १२५ चा मार्ग मुस्लिम घटस्फोटितेला बंद होत नाही.

आता आजची रीत थोडक्यात सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ती उपयोगी पडेल. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. आशय बहुतेक तोच. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, मुले आणि आईबापही त्याखाली मागू शकतात. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र नवराही बायकोकडून पोटगी मागू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मिळते आणि तो अर्ज होता होईतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे कायदा म्हणतो. पगाराचा चौथा हिस्सा, असे एक सूत्र लोकांच्या तोंडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका प्रकरणात तसे म्हटले खरे, पण तो बांधील नियम नव्हे. दोघांची मिळकत, गरजा, मुले, राहणी, जबाबदाऱ्या हे सारे पाहून आकडा ठरतो. आणि नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन मोठ्या गोष्टी केल्या : दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, आणि पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे तारखा वाढवून आता नवऱ्याला फायदा नाही. थकबाकी वाढत जाते.

पण हुकूम कागदावर होतो आणि पैसा हातात यावा लागतो. ह्या दोहोंमधल्या अंतरात बाईचे आयुष्य जाते. पोटगी थकली तर न्यायालय वॉरंट काढते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. तुरुंगात बसून आलो की देणे फिटले, असा समज आहे. तो खोटा आहे. १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैद ही वसुलीची रीत आहे, फेड नव्हे. मात्र बाईने थकबाकीचा अर्ज एका वर्षाच्या आत केला पाहिजे. ही मुदत हुकलेल्या किती तरी बाया मी पाहिल्या.

आता माझ्या घरची, म्हणजे आम्हा संघटित कामगारांची गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने पगारदाराचा पगार सावकारापासून राखला आहे. साध्या कर्जाच्या वसुलीत पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पण वसुली पोटगीची असेल तर पगाराचा एक तृतीयांशच राखला जातो. दोन तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते. कायद्याने येथे बायकोला सावकाराच्या ओळीत बसवले नाही, तिला पुढे बसवले. आणि न्यायालयाच्या हुकमाने पगारातून कपात करण्यास वेतनाच्या कायद्यात मुभा आहे. म्हणजे रस्ता मोकळा आहे.

तो अडवतो कोण? नवरा पतपेढीचे नवे कर्ज उचलतो, भविष्यनिर्वाह निधीत जादा रक्कम कापून घेतो आणि हाती येणारा तुटपुंजा आकडा न्यायाधीशापुढे ठेवतो. न्यायालये साधारणपणे सक्तीच्या कपाती तेवढ्या वजा धरतात, स्वखुशीच्या नव्हे. पण हे दाखवून द्यायला बाईजवळ पगारपत्रक हवे. एका कारखान्यात असाच एक सभासद माझ्याकडे आला होता. म्हणाला, 'साहेब, ओव्हरटाइमचा कागद बाहेर जाऊ देऊ नका, आपलाच माणूस आहे मी.' मी त्याला म्हटले, 'बाबा, मालकाने ताळेबंदात नफा लपवला तर आपण दारात बसतो. तू लपवलेस तर काय करायचे?' तो रागावून गेला. त्याचे वर्गणीचे पैसे काही महिने आले नाहीत. संघटना चालवणाऱ्याला हे सोसावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखाना बंद पडतो, कंत्राट संपते, आणि ठरलेली पोटगी देणे खरोखरच अशक्य होते. अशा माणसाला मी सांगतो की, पैसे थांबवून दडून बसू नकोस. कारखाना बंद झाल्याची नोटीस घे, न्यायालयात जा आणि रक्कम कमी करून माग. परिस्थिती बदलली तर आकडा वाढतो तसा कमीही होतो. कंत्राटी कामगाराची गोष्ट तर अशी की, त्याच्याजवळ पगारपत्रकच नसते. त्याची मिळकत ना त्याला सिद्ध करता येते, ना त्याच्या बायकोला. ज्या पद्धतीने कामगाराला नाडले तिनेच त्याच्या टाकलेल्या बायकोलाही नाडले आहे. म्हणून कायम नोकरीचा लढा आणि पोटगीचा लढा हे मला दोन वाटत नाहीत.

टाकलेल्या स्त्रियांनी स्वतः उभे राहून हा प्रश्न महाराष्ट्रापुढे मांडला, हेही येथे सांगितले पाहिजे. १९८८ साली संगमनेर येथे समता आंदोलनाच्या पुढाकाराने परित्यक्तांची परिषद भरली. जी बाई आजवर माहेरच्या मागल्या खोलीत तोंड लपवून बसत होती, ती मंडपात येऊन बसली. रेशनकार्डावर नाव, डोक्यावर छप्पर आणि हातात पोटगी ह्या मागण्या त्या चळवळीतून पुढे आल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पोटगी हा उपकार की देणे? शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून अशी रीत आहे की, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि निम्मी निम्मी. तेथे बाई आपल्या वाट्याची मालकीण असते. आपल्याकडे संसार मोडला की घर ज्याच्या नावावर त्याचे, आणि जिने ते सांभाळले तिला दरमहा पोटगी. तीही मिळाली तर. तिसरा हिस्सा देववावा म्हणणारी स्मृती तेवढ्यापुरती आपल्या आजच्या कायद्याच्या पुढे होती, असे म्हणावे लागते. कामगाराला नोकरीवरून काढले तर त्याला ग्रॅच्युइटी मिळते. ती मालकाची दया नसते. झालेल्या सेवेची ती किंमत असते, आणि १९७२ च्या कायद्याने ती मिळवण्यापूर्वी तीही दयाच म्हणवली जात होती. घरातल्या श्रमाचा असा कायदा अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत निदान पोटगीकडे तरी आपण थकलेल्या पगाराप्रमाणे पाहावे.

माझ्या सोबत्यांना मी तीन गोष्टी सांगत आलो आहे, त्याच येथे सांगून संपवतो. सभासदाच्या बायकोने न्यायालयामार्फत पगाराचा दाखला मागितला तर संघटनेने तो दडपण्यास मदत करू नये. पगारातून पोटगी कापली गेली म्हणून त्या माणसाला कोणी हिणवू नये. तो आपले देणे फेडतो आहे. आणि पोटगी घेणाऱ्या बाईला 'त्याच्या जिवावर बसून खाते' असे आपल्या घरात कोणी बोलू लागले, तर तेथल्या तेथे थांबवावे. कायदे दिल्लीत होतात, पण ही तिसरी गोष्ट आपल्या ओसरीवरच व्हावयाची आहे.